सूचीवेध चिकित्सा : नव्या रुग्णाचे पूर्वकर्म



‘डॉक्टर, एक सुई मारा, म्हणजे लवकर उतार पडेल’ असे म्हणणारा रुग्ण सातारा-सांगली परिसरातील प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. त्याच्या लेखी सुई म्हणजे इंजेक्शन आणि इंजेक्शन म्हणजे सुईतून शरीरात जाणारे औषध. असा रुग्ण ॲक्युपंक्चरसाठी आपल्याकडे प्रथमच येतो, तेव्हा त्याच्या मनात हीच सुई असते. तिला औषधाची नळी नाही, ती लगेच काढली जात नाही, एकीऐवजी आठ-दहा सुया लावल्या जातात, हे पाहून तो गोंधळतो. कोणी भितो, कोणी अवास्तव आशा धरतो. भीती आणि आशा ही दोन्ही टोके चिकित्सेस सारखीच बाधक आहेत.

प्रस्तुत लेखात ॲक्युपंक्चरचे तंत्र शिकविण्याचा हेतू नाही. उपचारास प्रारंभ करणाऱ्या नव्या रुग्णाने काय अपेक्षावे आणि ते त्यास आपण केव्हा व कसे सांगावे, एवढाच विषय घेतला आहे. महर्षी सुश्रुतांनी प्रत्येक कर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. सूचीवेधात रुग्णास दिलेली पूर्वकल्पना हा केवळ शिष्टाचार नसून ते पूर्वकर्मच होय, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे. ते मत कसे झाले, हे पुढे येईलच.

इतिहास आणि वैधता

‘ही विद्या डॉ. कोटणीसांनी चीनमधून आणली ना?’ असा प्रश्न सुशिक्षित रुग्ण हमखास विचारतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्याच पथकात होते. डॉ. कोटणीस शल्यचिकित्सक होते. रणभूमीवरील जखमींची सेवा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांचे नाव घराघरांत पोहोचले. मात्र ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्याच पथकातील बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू यांस जाते. त्यांनी पुढे चीनमध्ये जाऊन ही पद्धती शिकून घेतली व १९५९ मध्ये कलकत्त्यात तिचा उपचार सुरू केला. रुग्णास खरा इतिहास सांगावा. थोर पुरुषाचे नाव चुकीच्या कारणाने घेऊन उपचाराची प्रतिष्ठा वाढवू नये.

वैधतेविषयीही रुग्ण विचारतात आणि तसे विचारणे योग्यच आहे. केंद्र शासनाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांना व योग्य प्रशिक्षितांना ॲक्युपंक्चर ही उपचाराची एक रीत म्हणून वापरण्यास वाव दिला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र अधिनियम असून राज्याची ॲक्युपंक्चर परिषदही आहे. आयुर्वेदाची पदवी म्हणजे या पद्धतीचा परवाना, असे आपण गृहीत धरू नये. रीतसर शिक्षण व नोंदणी करूनच सुई हाती घ्यावी आणि ते प्रमाणपत्र रुग्णाच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी लावावे.

सिरावेध आणि सूचीवेध

‘हे आपलेच शास्त्र, चीनने नेले’ असे विधान आपल्या व्यासपीठांवर वारंवार ऐकू येते. ते ऐकावयास गोड असले तरी नव्या रुग्णास सांगण्याजोगे नाही. सुश्रुतांचा सिरावेध हा रक्तमोक्षणाचा प्रकार आहे. त्यात दूषित रक्त बाहेर काढणे हाच हेतू असतो. ॲक्युपंक्चरमध्ये रक्त काढावयाचे नसते. सुई घन असते आणि काही काळ शरीरात ठेवली जाते. आपल्याकडे प्रचलित असलेल्या विद्धकर्मात इंजेक्शनची पोकळ सुई क्षणभर टोचून काढतात. तोही वेगळाच प्रकार होय.

साम्य दिसते ते स्थानांत. गृध्रसीमध्ये जानुसंधीच्या चार अंगुळे वर अथवा खाली वेध करावा, असे सुश्रुत शारीरस्थानात सांगितले आहे. ॲक्युपंक्चरमध्येही गृध्रसीसाठी गुडघ्यामागील खळीच्या मध्यावरील बिंदू प्रमुख मानला जातो. हे साम्य अभ्यासनीय आहे. तथापि साम्य म्हणजे एकत्व नव्हे. रुग्णाने विचारल्यास ‘दोन वेगळ्या परंपरा आहेत, काही स्थाने जवळची आहेत’ एवढेच सांगावे.

पूर्वकर्म : पहिली भेट

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही रीतसर प्रशिक्षण घेऊन नुकताच हा उपचार सुरू केला होता. श्रावणातील सोमवार होता. अवबाहुकाने त्रस्त असलेला एक तरुण शेतकरी दुपारी आला. प्रकृती धडधाकट होती. आम्ही त्यास स्टुलावर बसविले आणि खांद्याभोवती सुया लावल्या. चौथ्या सुईला त्याचा चेहरा पांढरा पडला, कपाळास घाम आला आणि तो पुढे कलंडला. सुदैवाने आमच्या साहाय्यकाने त्यास धरले. सुया तत्काळ काढून त्यास आडवे केले, पाय उंच धरले. दहा मिनिटांत तो सावध झाला. मग कळले की त्यास निरंकार उपवास होता आणि सुई पाहताच घाबरण्याची त्यास लहानपणापासून सवय होती. या दोहोंपैकी एकही गोष्ट आम्ही विचारली नव्हती.

शारीरिक इजा काही झाली नाही. पण तो पुन्हा आला नाही आणि त्याच्या गावचा रुग्ण वर्षभर आमच्या पायरीवर फिरकला नाही. ‘तिथे सुया टोचून माणूस बेशुद्ध पाडतात’ अशी वार्ता गावभर झाली होती. त्या गावास दोष देण्यात अर्थ नव्हता. दोष आमचा होता.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. हे गुण घेऊनच रुग्ण यावा, अशी आपली अपेक्षा असते. त्या दिवसापासून आम्ही हे सूत्र उलट बाजूने वाचू लागलो. रुग्णास विचारले नाही तर तो ज्ञापक कसा होणार? त्यास सांगितले नाही तर तो अभीरू कसा होणार? हे गुण पहिल्या भेटीत वैद्याने घडवावे लागतात.

म्हणून पहिल्या भेटीची निम्मी वेळ आम्ही सुईविना घालवितो. पुढील गोष्टी विचारल्याविना सुईचे पाकीट उघडीत नाही :

१. आज काय व केव्हा खाल्ले? उपवास आहे का? रिकाम्या पोटी, अतिश्रमानंतर किंवा मद्यपान केलेल्या रुग्णास सुई लावू नये. हलका आहार घेऊन दीड-दोन तासांनी यावे. एकादशी व श्रावणी सोमवारी नव्या रुग्णास पुढील तारीख द्यावी.

२. सुईची भीती वाटते का? पूर्वी कधी भोवळ आली आहे का?

३. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का? रक्तस्रावाचा आजार आहे का? हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली आहे का? शरीरात पेसमेकर आहे का? पेसमेकर असल्यास सुयांना विद्युतप्रवाह जोडू नये.

४. स्त्रीरुग्णांत गर्भाची शक्यता आहे का? अंगठा व तर्जनीमधील आणि घोट्याच्या आतील बाजूस वर असलेला बिंदू गर्भिणीमध्ये परंपरेने वर्ज्य मानले आहेत.

५. इतर कोणती औषधे चालू आहेत? या प्रश्नाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

यानंतर निदान. कटिशूल घेऊन आलेल्या रुग्णास लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे अथवा पायातील बळ झपाट्याने कमी होणे यांपैकी एकही लक्षण असल्यास तो सूचीवेधाचा रुग्ण नव्हे. त्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. ज्वर, अकारण वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, पडल्याचा इतिहास असल्यास आधी तपासण्या कराव्यात. सुईने वेदना तात्पुरती दबली आणि मूळ व्याधी वाढत गेली, तर ते यश नसून हानीच होय.

निदान झाल्यावर उपचाराची माहिती द्यावी. आमच्याकडे गुडघेदुखीने येणाऱ्या वृद्ध स्त्रियांची संख्या मोठी आहे. लोणंद-फलटणमार्गे माउलींची पालखी जाण्याचे दिवस जवळ आले की ‘वारीपुरते तरी पाय चालू द्या’ म्हणून त्या येतात. त्यांच्याशी आमचे बोलणे साधारणतः असे असते :

‘आजी, या सुईत औषध नसतं. ती केसासारखी बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यागत वाटेल. मग आत जड वाटेल, ठणकल्यागत किंवा मुंग्या आल्यागत होईल. ते चांगलंच आहे, घाबरायचं नाही. पण वीज चमकल्यागत कळ गेली, भोवळ आली, मळमळलं, तर लगेच सांगायचं. सोसायचं नाही. तुम्ही नको म्हणालात की सुई काढणार.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. आपल्याकडील वृद्ध रुग्ण वैद्यासमोर वेदना सोसणे हा मान समजतात. त्यांना बोलण्याची मोकळीक स्पष्ट शब्दांत द्यावी लागते.

प्रधानकर्म : सुई लावताना

पहिल्या वेळी रुग्णास निजवूनच सुया लावाव्यात. स्टूल आम्ही त्या घटनेनंतर उपचारकक्षातून बाहेर काढले. पहिल्या दिवशी सुया थोड्या, खोली उथळ व उत्तेजन सौम्य असावे. बहुधा पाव मिलिमीटर जाडीची सुई पुरते. २४ क्रमांकाची इंजेक्शनची सुई तिच्या दुपटीहून जाड असते. दोन्ही सुया रुग्णास शेजारी शेजारी दाखविल्या की निम्मी भीती तेथेच जाते.

सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असावी आणि तिचे पाकीट रुग्णासमोर फोडावे. सुया वीस ते तीस मिनिटे ठेवतात. या काळात रुग्णाने हालू नये, वैद्याने वा साहाय्यकाने त्यास एकटे सोडू नये. अनेकांना झोप येते, अंग सैल पडते. किती सुया लावल्या ते कागदावर लिहावे आणि काढताना तितक्याच मोजाव्यात. पांघरुणाखाली राहिलेली एक सुई साऱ्या उपचारावरील विश्वास घालविते.

छाती, पाठीचा वरचा भाग व खांद्याची धार येथे विशेष दक्षता हवी. १०७ मर्मांपैकी उरःप्रदेशातील अपस्तंभ या वातवह मर्माच्या आघाताने कोष्ठ वायूने भरून कास-श्वासाने मृत्यू ओढवतो, असे सुश्रुतांनी म्हटले आहे. खोल गेलेल्या सुईने फुप्फुसावरणात हवा शिरणे हा ॲक्युपंक्चरचा विरळ पण सर्वांत भयंकर उपद्रव. तो आठवला की या वर्णनाचे मोल ध्यानी येते. कृश, वृद्ध व जीर्ण श्वासरुग्णांत या भागी खोल सुई कटाक्षाने टाळावी.

पश्चात्कर्म : घरी जाताना

सुया काढल्यावर रुग्णास पाच-दहा मिनिटे बसवावे, पाणी द्यावे. तंद्री असल्यास लगेच मोटारसायकल चालवू देऊ नये. आपल्याकडील रुग्ण दूरवरून दुचाकीने येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी सोबतीस कोणी असावे. त्या दिवशी ऊसतोड, बागेतील फवारणी यांसारखे श्रम टाळण्यास सांगावे.

सुईच्या जागी रक्ताचा थेंब किंवा छोटा निळा डाग येऊ शकतो. काहींचे दुखणे पहिला एक-दोन दिवस किंचित वाढते. हे आधी सांगितले असेल तर रुग्ण निश्चिंत राहतो. न सांगितल्यास तोच डाग तक्रारीचे कारण होतो. मात्र त्या दिवशी किंवा नंतरच्या एक-दोन दिवसांत छातीत दुखणे, दम लागणे, सुईच्या जागी लाली, सूज वा ताप आल्यास वाट न पाहता कळवावे, हे लिहून द्यावे.

आता औषधांविषयी. कटिशूलासाठी येणाऱ्या एका वृद्धेस दुसऱ्या भेटीतच बराच आराम वाटला. आम्ही आनंदाच्या भरात म्हणालो, ‘आता गोळ्या कमी लागतील बघा.’ आमच्या मनात वेदनाशामक गोळ्या होत्या. तिने घरी जाऊन साऱ्याच गोळ्या बंद केल्या. रक्तदाबाचीही गोळी त्यांत गेली. पुढील भेटीत ती डोके धरूनच आली. रक्तदाब इतका वाढला होता की त्या दिवशी सुई बाजूस ठेवून तिला रुग्णालयात पाठवावे लागले. ती बरी झाली, हे आमचे भाग्य. तेव्हापासून ‘तुमची चालू औषधे मी सांगितल्याविना आणि ज्यांनी दिली त्यांना विचारल्याविना बंद करायची नाहीत’ हे वाक्य आम्ही प्रत्येक नव्या रुग्णाकडून परत म्हणवून घेतो.

किती गुण, किती दिवसांत?

या प्रश्नास प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर आपणास आधी पुरावा ठाऊक हवा. जर्मनीत जीर्ण कटिशूलाच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रोक्त बिंदूंवर सुई लावलेल्यांपैकी ४७.६ टक्के, बिंदू सोडून उथळ सुई लावलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि प्रचलित उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांस उतार पडला. याचा अर्थ दुहेरी आहे. सूचीवेधाने पुष्कळांना आराम मिळतो, हे खरे. पण तो नेमक्या बिंदूमुळेच मिळतो, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. २०१२ मध्ये सुमारे १८ हजार रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात जीर्ण वेदनांमध्ये खऱ्या व लटक्या सूचीवेधांतील फरक आढळला, पण तो लहान होता. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये कटिशूलासाठी ॲक्युपंक्चरची शिफारस मागे घेतली आणि २०२१ मध्ये जीर्ण प्राथमिक वेदनांसाठी त्याचा विचार करावा असे सुचविले. जाणत्यांतही मतभेद आहेत, ते असे.

सुरक्षिततेबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत अनुक्रमे सुमारे ३४ हजार व ३२ हजार उपचारांत एकही गंभीर उपद्रव नोंदला गेला नाही. ही सुरक्षितता प्रशिक्षित हातांची आहे, सुईची नव्हे, हे विसरू नये.

म्हणून आम्ही रुग्णास एवढेच सांगतो : आठवड्यातून दोनदा असे सहा वेळा यावे. सहाव्या वेळी किती चालता येते, झोप कशी लागते, वेदनाशामक गोळी किती दिवसांनी लागते, हे पहिल्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहू. फरक नसेल तर उपचार थांबवू. एकाच वेळी पूर्ण संचाचे पैसे आम्ही घेत नाही. पैसे आधी घेतले की थांबविण्याचा निर्णय वैद्यास जड जातो. मधुमेह, उच्च रक्तदाब, अर्धांगवात समूळ बरे करण्याचे आश्वासन कदापि देऊ नये. या व्याधींवरील औषधांच्या अशा जाहिरातींस १९५४ च्या अधिनियमाने बंदी आहेच. सुईच्या बाबतीतही तोच विवेक पाळावा.

औषधालयचालकांस विनंती

रुग्ण आमच्याकडून निघून आपल्याकडे येतो व ‘आता ही गोळी नको’ असे म्हणतो. त्या क्षणी आपला एक प्रश्न मोलाचा ठरतो : ‘कोणी बंद करायला सांगितली?’ रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, हृदयविकार यांची औषधे घेणारा नियमित ग्राहक अचानक यायचा थांबल्यास वैद्यास कळवावे. रक्त पातळ करणारी गोळी कोण घेतो, हे कित्येकदा वैद्याआधी आपणास ठाऊक असते. रुग्णास ते वैद्यापुढे सांगण्यास सुचवावे.

सुया विक्रीस ठेवताना पाकिटावरील निर्जंतुकीकरणाची खूण, मुदत व वेष्टनाची अखंडता पाहावी. सुट्या, पुन्हा वापरावयाच्या सुया ठेवू नयेत. वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न भेदल्या जाणाऱ्या डब्यातच जमा व्हाव्यात. केरात पडलेली सुई सफाई कामगाराच्या हातात शिरते, हे उभयतांनी स्मरावे.

समारोप

तो तरुण शेतकरी पुन्हा आला नाही. परंतु दोनेक वर्षांनी त्याच्याच गावची एक स्त्री सुनेसोबत आली. दाराशीच म्हणाली, ‘ऐकलंय तुमच्याकडं माणसं पडत्यात.’ आम्ही ते नाकारले नाही. काय घडले, का घडले आणि आता काय करतो, ते सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, ‘मग मी जेवून आलेय, ते बरं केलं.’

सुई शरीरात अर्धा तास असते. तिच्याविषयी आपण बोललेले शब्द मात्र रुग्ण गावी घेऊन जातो. ते शब्द नेमके असावेत, खरे असावेत आणि सुईच्या आधी यावेत, एवढेच या लेखाद्वारे सुचवावयाचे आहे. वाचक वैद्यांनी आपापले अनुभव, विशेषतः आपल्या चुका, या त्रैमासिकाकडे अवश्य कळवाव्यात. यशाच्या कथा आपण पुष्कळ छापतो. नव्या वैद्यास त्यांहून चुकांचाच उपयोग अधिक होतो.